मूळ गाव लिटल ब्रॅमफोल्ड

"आमच्या गावात असं नव्हतं हं," असं म्हणून डॉक्टरकाका चष्मा काढायचे आणि स्वेटरच्या टोकाने पुसायला लागायचे. काच पुसली जाऊ लागली की जाणती मंडळी हळूच उठून वाढपाच्या टेबलाकडे सरकायची. कारण काच स्वच्छ होईपर्यंत गाव संपत नसे, आणि काच कधीच स्वच्छ होत नसे.

मी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात नवीन होते, त्यामुळे सापडले. चर्चच्या तळघरात मराठी मंडळींची दिवाळी चालली होती. वर रस्त्यावर बर्फाळ पाऊस, खाली चिवडा. कोणीतरी म्हणालं, इथे शेजारी मरून पडला तरी कोणाला पत्ता लागत नाही. लगेच काकांचा चष्मा उतरला.

"आमच्या गावात असं नव्हतं हं. एखाद्याच्या धुराड्यातून सकाळी धूर दिसला नाही, तर न्याहारीच्या आत त्याचं दार वाजायचं."

धुराडं ऐकून मला शंका यायला हवी होती. पण घर सोडून मला जेमतेम दोन महिने झाले होते आणि मला फक्त 'गाव' एवढाच शब्द ऐकू आला. मी विचारलं, "काका, तुमचं गाव कुठलं? साताऱ्याकडचं का?"

"लिटल ब्रॅमफोल्ड," काका म्हणाले.

मी गोंधळून काकूंकडे पाहिलं. काकू नागपूरच्या. लाडू वाढता वाढता त्या म्हणाल्या, "इंग्लंडात आहे ते. तालुका चिखल, जिल्हा गारठा."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी एका गावात राहतात आणि दुसऱ्या गावाबद्दल बोलतात. अमेरिकेत तर आपण सगळेच थोडेफार तसे. कोणी सांगलीबद्दल बोलतं, कोणी दादरबद्दल. पण रत्नागिरीच्या आडनावाचा, नागपूरच्या बायकोचा, पेनसिल्व्हेनियात भूल देणारा डॉक्टर इंग्लंडमधल्या एकच रस्ता असलेल्या गावाला 'आमचं गाव' म्हणतो, हे मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

त्याचं कारण मला पुढे कळलं. काकांचे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. धरण संपलं की बदली. काकांनी इतक्या शाळा बदलल्या की कुठल्याच मास्तरांना ते आठवत नसतील. आडनावात एक गाव होतं खरं, पण ते नकाशावर कोणाला सापडलेलं नव्हतं. आपल्या लोकांत नाव विचारून झालं की दुसरा प्रश्न असतो, "मूळ गाव कुठलं?" त्यावर काका लहानपणापासून नुसते हसत आले होते. मग साठ सालानंतर कधीतरी ते इंग्लंडला गेले, एका खेड्यात चार हिवाळे राहिले, आणि त्यांना सांगायला गाव मिळालं.

आम्ही तिघी मुली त्यांच्या घरामागच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. रविवारी दुपारी काकूंकडे जेवण असायचं, ते न विचारता ठरलेलं होतं. एका रविवारी मी माझा ड्रॉइंगचा रोल तिथेच सोफ्यावर विसरले. परत आणायला गेले तर काका तो उलगडून बसलेले. पुलाचा आराखडा होता, पण काका पूल पाहतच नव्हते. ते खालची अक्षरं पाहत होते.

"अगं, ही तू हाताने काढलीस? छापल्यासारखी?"

आमच्याकडे डिप्लोमाला अक्षरं गिरवून घेतात, असं मी चाचरत सांगितलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कोणी कौतुक केलं की काय बोलायचं ते तेव्हा मला कळत नसे.

"चल खाली," काका म्हणाले. अशी मी लिटल ब्रॅमफोल्डला पोचले.

खाली तळघरात एक टेबल टेनिसचं टेबल होतं. त्यावर जाळी नव्हती, कागद होते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. त्यांचा मुलगा निखिल हायस्कूलमध्ये होता. तो मधूनच डोकावून म्हणायचा, "डॅड, आय नीड दॅट टेबल." काका मान वर न करता सांगायचे, "एकोणिसावं शतक उचललं की देतो."

त्या टेबलावर गावाचा इतिहास होता, आणि गावाचा इतिहास म्हणजे मुख्यतः एका मोठ्या घराचा इतिहास. ते घर म्हणजे ब्रॅमफोल्ड हाउस. लोकरीच्या एका व्यापाऱ्याने बांधलेलं. काका मला सांगायचे आणि मी रेघा मारायचे. व्यापाऱ्याच्या नातवाला राजा आपल्याकडे मुक्कामाला येणार असं वाटलं, म्हणून त्याने रुंद जिना बांधला. राजा निघालाही होता म्हणे, पण वाटेत पाऊस लागला आणि तो दुसरीकडेच उतरला. "त्या जिन्यावरून पुढे फक्त कपड्यांच्या टोपल्या गेल्या," काका म्हणायचे. पुढच्या पिढीतल्या बाईसाहेबांना बैलगाड्यांच्या, म्हणजे तिकडे घोडागाड्यांच्या, आवाजाने झोप लागेना. त्यांनी सगळा रस्ताच उचलून टेकडीपलीकडे नेला. त्यामुळे गाव अलीकडे आणि विहीर पलीकडे झाली. गावातल्या बायका त्या बाईसाहेबांच्या नावाने अजून बोटं मोडतात. "दीडशे वर्षं झाली, पण राग ताजा आहे. याला म्हणतात गाव!" हे सांगताना काकांचा चेहरा अभिमानाने फुलायचा.

दुसऱ्या महायुद्धात त्या घरात जखमी सैनिक ठेवले. युद्ध संपलं, सैनिक गेले, छप्पर गळायला लागलं. मालकांचं कुटुंब तीन खोल्यांत सरकलं आणि बाकीच्या घरात छातीच्या रोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं. तिथे रहिवासी डॉक्टर म्हणून आमचे काका. हडकुळे, गारठलेले, कोणाशी काय बोलावं ते न समजणारे. पगार, खोली आणि जेवण घरातच. जेवण खालच्या मोठ्या स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या बरोबर.

आता इथे काकांची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ त्या पद्धतीने झाला.

काकूंच्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापलेला आहे. जाडजूड ग्रंथ. काकूंच्या नावापुढे 'पती डॉक्टर, परदेशी' एवढा काकांचा उल्लेख त्यात आहे. इतिहास कसा लिहायचा हे काका त्या ग्रंथावरून शिकले. त्यामुळे त्यांनी त्या इंग्रज घराचा इतिहास लिहायला घेतला तोही थेट कुलवृत्तान्ताच्या धाटणीत. प्रत्येक व्यक्तीचा जन्म, शिक्षण, व्यवसाय, लग्न कोणाशी, बायकोचं माहेर, मुलं, मूळ गाव, सध्याचं वास्तव्य. हयात माणसांचं वेगळं पान, आणि त्या पानावर ज्येष्ठ आधी.

माहिती गोळा करायची ती फोनवरून. रविवारी सकाळी दर कमी असायचा, तेव्हा काका स्वयंपाकघरातला फोन घेऊन बसायचे. समोरच्याचं वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणायची त्यांना सवय होती, त्यामुळे पोळ्या लाटता लाटता आम्हाला दोन्ही बाजू ऐकू यायच्या.

"काय म्हणता? लग्न एकोणीसशे वीस साली? आणि आजीचं माहेर? ... नाही नाही, मी पोलिसांतून बोलत नाही. मी आपल्या गावचा डॉक्टर."

"इंग्रज माणसाला आजीचं माहेर विचारतात," काकू माझ्याकडे पाहून म्हणायच्या. "एक दिवस राणी फोन उचलेल आणि हे तिलाही विचारतील."

काकांचा पहिला नियम होता की एका चुलीवर जेवणारे ते एक घर. कुलवृत्तान्तात आश्रित, विधवा आत्या, शिकायला ठेवलेला भाचा, सगळे येतात, मग इथे का नाही? म्हणून काकांच्या पानावर मालकांच्या बरोबरीने स्वयंपाकीण मिसेस डॉब्स होत्या, माळी आर्थर होता, कपडे धुणारी बाई होती, एक लंगडा घोडेवाला होता. सगळे एकाच पानावर, वयाप्रमाणे. मिसेस डॉब्स नव्वदीच्या पुढे. म्हणून त्या सगळ्यांत वर. मालकांचा नातू, आता 'सर' हा किताब चालवणारे तरुण सरसाहेब, सातव्या जागी.

दुसरा नियम मला काकूंकडून कळला. मी विचारलं होतं, "काका तर त्या चुलीवर चार हिवाळे जेवले. मग ते कुठे आहेत?"

काकूंनी जिन्याकडे पाहून आवाज खाली आणला. "स्वतःची नोंद स्वतः करायची नाही. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी सांगितली पाहिजे. हा ह्यांचाच नियम. मी म्हटलं, मी सांगते. तर म्हणे, तू माझ्या घरची, त्या घरची नाहीस." मग त्या कणीक मळायला लागल्या. "इतकी वर्षं सगळ्या गावाला फोन करतायत. एकालाही सुचलं नाही की डॉक्टर, तुमचं नाव घाला. हे मागणार नाहीत. पण प्रत्येक फोन ठेवला की चेहरा बघ त्यांचा."

पुढच्या रविवारी मी पाहिला. फोन ठेवल्यावर काका क्षणभर रिसीव्हरवर हात ठेवून उभे राहायचे. अजून काही यायचं राहिलं असावं, तसे.

त्या वर्षी गावात जत्रा भरणार होती आणि त्यानिमित्त गावाच्या इतिहासाची पुस्तिका निघणार होती. समितीच्या चिटणीस होत्या मिस हार्कर. काकांचं पान त्यात छापायचं ठरलं होतं. मी ते पान जाड कागदावर शाईने काढलं. चांगलं टेबलभर झालं. काकांनी तीन वेळा घडी घालून पाहिली, मग घडीने खराब होईल म्हणून गुंडाळून नळीत घालून पाठवलं.

मिस हार्करांचा फोन जेवणाच्या वेळेला आला.

"हो, मिळालं का? छान! ... काय म्हणता? क्रम? क्रम बरोबर आहे. ... स्वयंपाकीण सरसाहेबांच्या वर? अहो, त्या मोठ्या आहेत ना वयाने! ... नाही, माळीसुद्धा मोठा आहे. ... काय? कुटुंब आधी आणि नोकरवर्ग परिशिष्टात?" काकांचा आवाज खाली आला. "परिशिष्टात," ते परत म्हणाले.

फोन ठेवून ते बसले. "क्रम बदलला तर छापतील. नाहीतर नाही. सरसाहेबांना काय वाटेल, म्हणतात."

आपल्या मंडळींत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या जेवणाला जो तो सल्ला देत होता. एक जण म्हणाले, "अरे यार, बदलून टाक की! तुझं काय जातंय?" दुसरे म्हणाले, "त्यांचं गाव, त्यांची पद्धत. तू ॲडजस्ट का करत नाहीस?" निखिल वैतागून म्हणाला, "डॅड, इट्स नॉट इव्हन युअर व्हिलेज. यू वेअर देअर फॉर फोर इयर्स."

निखिल बोलल्यावर थोड्या वेळाने स्वतःच उठून काकांना भात वाढायला गेला.

घरी आल्यावर काकांनी मला दुसरं पान काढायला सांगितलं. वर कुटुंब, मागे नोकरवर्ग. मी काढलं. खरं सांगायचं तर ते दिसायला जास्त नीटनेटकं होतं. काका त्याच्याभोवती फिरले, मिसेस डॉब्सच्या नावावर बोट ठेवलं, आणि म्हणाले, "मला शिंका यायला लागल्या की ही बाई माझ्या ताटलीखाली गरम वीट ठेवायची. म्हणजे जेवण गार होऊ नये. आता तिला मागे टाकू?"

"मग पाठवायचं नाही का, काका?"

"पाठवायचं का नाही ते मी कोण ठरवणार? कुलवृत्तान्तात वाद झाला तर घरातल्या हयात ज्येष्ठाला विचारतात. तो सांगेल ते."

"ज्येष्ठ कोण?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं.

म्हणून त्या रविवारी काकांनी मिसेस डॉब्सना फोन लावला. आजवर त्यांची माहिती त्यांच्या भाचीकडून घेतलेली होती, कारण मिसेस डॉब्सना कमी ऐकू यायचं आणि त्यांना फोन आवडत नसे. कमी ऐकू येणारी माणसं मोठ्याने बोलतात. त्यांचा आवाज रिसीव्हरमधून साऱ्या स्वयंपाकघरात घुमायला लागला. काकूंनी गॅस बारीक केला.

काकांनी सगळं पान ओरडून वाचलं. मिसेस डॉब्स प्रत्येक नावावर शेरा मारत होत्या. "आर्थर? त्याला माझ्या खाली ठेवलास ते बरं केलंस. चिखलाचे बूट घेऊन थेट माझ्या फरशीवर यायचा."

मग काकांनी खरा प्रश्न विचारला. कुटुंब पुढे घेऊ आणि तुम्हाला मागच्या पानावर, असं केलं तर चालेल का?

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"डॉक्टर," मिसेस डॉब्स म्हणाल्या, "त्या घरात मी सगळा जन्म मागच्या दाराने आत गेले. आता एकदा पुढच्या पानावर राहू दे."

"ठीक आहे," काका म्हणाले. "ठरलं."

"पण एक जण राहिलाय तुझ्या पानावर."

काका लगेच पेन्सिल शोधायला लागले. "कोण? दूधवाला? तो गुरुवारी जेवायचा का?"

"दूधवाला नाही रे. तो बारकुडा. लापशीत मिरपूड घालायचा. पहिल्या हिवाळ्यात माझ्या चुलीवर मोजे वाळत घातले आणि जाळून घेतले. मग मी त्याला माझ्या नवऱ्याचे, डॉब्सचे, दिले."

काका कागदावर वाकून विचार करत होते. मला अजून कळत नाही की त्यांना खरंच समजलं नव्हतं, की समजायची हिंमत होत नव्हती.

काकूंनी उलथनं खाली ठेवलं. "अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हीच."

काकांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. "तू घे. मला माझी नोंद घेता येत नाही."

माझं इंग्रजी तेव्हा फोनवर फारच घाबरट होतं. पण मिसेस डॉब्सना त्याची काही पडलेली नव्हती. नाव त्यांनी असं काही सांगितलं की मी ते माझ्या मनाने दुरुस्त करून लिहिलं. जन्म? "ते मला काय माहीत. आला तेव्हा पोरच होता, गेला तेव्हा माणूस झाला होता." व्यवसाय? "डॉक्टर. पण कोळसा चांगला भरायचा, तेही लिही." मग आलं मूळ गाव. काकांनी त्या रकान्याला 'नेटिव्ह प्लेस' असं नाव दिलं होतं आणि आजवर प्रत्येक इंग्रज माणसाने त्याचा अर्थ विचारला होता. मिसेस डॉब्सनीही विचारला.

मी म्हटलं, कोणी विचारलं तर आपण ज्या गावाचं नाव सांगतो, ते.

"मग इथलंच की," मिसेस डॉब्स म्हणाल्या. "आणखी कुठलं?"

मी लिहिलं. मान वर करून पाहिलं तर काका फ्रिजचं दार उघडून आत बघत उभे होते. बराच वेळ. वीज जाते म्हणून एरवी ओरडणाऱ्या काकूंनी नुसता गॅस परत मोठा केला.

पहिलं पान, काकांच्या नावासकट, परत एकदा शाईने काढून आम्ही पाठवून दिलं. मिस हार्करांनी शब्द पाळला. छापलं नाही. पुस्तिका आली, त्यात त्या पानाऐवजी जिन्याचा फोटो होता आणि शेवटी आभाराच्या यादीत काकांचं नाव. 'ऑफ अमेरिका' असं. काका दिवसभर ते वाचून हसत होते. "इंडियात गेलो की मी अमेरिकेचा, इथे इंडियाचा, तुमच्यात इंग्लंडचा, आणि त्यांच्यात पुन्हा अमेरिकेचा. मला कोणीच ठेवून घेत नाही बघ." हसत होते हे खरं, पण पुस्तिका दुसऱ्या दिवशी टेबलावर दिसली नाही.

मग पानगळीच्या सुमाराला एक नळी आली. आम्ही पाठवलेलीच, परत. काकांना वाटलं, नको म्हणून परत केलं. त्यांनी ती उघडलीच नाही. दोन दिवस कपाटाला टेकून उभी होती. शेवटी काकूंनी मला बोलावलं आणि आम्ही दोघींनी ती उघडली.

पान ओळखू येत नव्हतं. सगळ्या समासांत, ओळींच्या मधे, मागच्या बाजूला, पेन्सिलीने लिहिलेलं होतं. वेगवेगळी अक्षरं, थोरांची, मुलांची, थरथरणारी. सोबत मिसेस डॉब्सच्या भाचीची चिठ्ठी होती. समितीने पान नाकारलं तेव्हा मावशीने ते जत्रेतल्या चहाच्या तंबूत टांगायला लावलं, शेजारी दोरीला पेन्सिल बांधली, आणि स्वतः खुर्ची टाकून बसली. जो कोणी त्या चुलीवर जेवला असेल त्याने आपलं नाव घालावं, अशी ताकीद देऊन.

"अहो, खाली या!" काकू ओरडल्या.

आम्ही तिघं टेबलावर वाकलो. युद्धात बॉम्बपासून वाचवायला लंडनहून पाठवलेली मुलं होती. सैनिक होते, एकाने आपल्या जखमेची जागाही लिहिली होती. इटालियन कैदी होता, तो शेतावर कामाला यायचा. पोस्टमन होता. कुत्र्याचं नावही कोणीतरी घातलं होतं, आणि दुसऱ्या कोणीतरी त्याच्या जन्मसालाची दुरुस्ती केली होती. ज्यांना काय वाटेल म्हणून एवढं सगळं झालं, त्या सरसाहेबांनी काकांच्या नावामुळे आता आठव्या झालेल्या आपल्या ओळीसमोर सही करून लिहिलं होतं की आईवडील बाहेर गेले की मी खालीच जेवायचो, आणि माझ्या मते मी नववा असायला हवा, कारण नॅनीची बहीण माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठी आहे.

काका मोठ्याने वाचत होते आणि पुनःपुन्हा म्हणत होते, "हे मला माहीतच नव्हतं! हेही माहीत नव्हतं!"

काकांच्या नोंदीत मी पत्नी म्हणून काकूंचं नाव लिहिलं होतं, पुढे काही नव्हतं. लग्न होऊन काकू तिथे गेल्या त्या काकांच्या शेवटच्या हिवाळ्याच्या तोंडावर. आता त्या मोकळ्या जागेत बारीक, तिरप्या अक्षरात एक ओळ होती. सुगीच्या गावजेवणाला हिने पिवळे बटाटे केले होते, एवढं मोठं पातेलं, आणि आम्ही ते शेवटच्या तुकड्यापर्यंत पुसून खाल्ले. खाली दुसऱ्याने लिहिलं होतं, मी दोनदा घेतले.

काकूंनी ती ओळ वाचली. चष्मा नव्हता म्हणून कागद लांब धरून परत वाचली.

"पिवळे बटाटे म्हणे," त्या म्हणाल्या. "मोहरी-हिंगाची फोडणी होती त्याला. कढीपत्ता नव्हता म्हणून नुसती कोरडी."

काकांनी वाचणं थांबवून मान वर केली.

"दुसऱ्या दिवशी पातेलं घासूनपुसून परत आलं. कोणी एक शब्द बोललं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही." त्यांनी कागद टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला. "मला इतकी वर्षं वाटत होतं, त्यांनी ते ओतून दिलं."

काका त्यांच्याकडे पाहत राहिले. हे त्यांनाही माहीत नव्हतं. एवढ्या घराची माहिती त्यांनी गोळा केली होती, पण ही बाई त्या गावावर का चिडून आहे हे विचारायचं राहून गेलं होतं.

"मिसेस डॉब्सना विचारू या कोणाचं अक्षर आहे ते," ते हळूच म्हणाले.

"मी विचारते," काकू म्हणाल्या.

त्यानंतर रविवारचा फोन दोघांचा झाला. आधी काका माहेरं विचारायचे, मग काकू रिसीव्हर ओढून घ्यायच्या. नवीन नावं इतकी होती की काकांनी दोन टेबलांएवढा कागद आणायला सांगितला, आणि निखिलने टेबल टेनिसचा नाद कायमचा सोडला. काका खुशीत होते. हे पान आपल्या हातून पुरं होणार नाही, असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते, जणू काही बढती मिळाली आहे.

मी पुढच्या उन्हाळ्यात डिग्री घेऊन ट्रॉय नावाच्या दुसऱ्या शहरात नोकरीला गेले. काही वर्षांनी काका गेल्याचं मला तिथेच कळलं. पण मला ते दिसतात ते मी निघाले त्या सकाळचे. रविवार होता. दारात गाडी उभी, सामान भरलेलं. काकू फोनवर होत्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात इंग्लंडला बटाटे शिकवत होत्या. "मस्टर्ड सीड्स! नो, नॉट पावडर! सीड्स! वेट टिल दे जंप!"

काका मला पोचवायला पायरीपर्यंत आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी चांगलं बोलायच्या तयारीत होते, तोंड उघडलंही होतं. पण त्यांचा कान आतच होता.

"एक मिनिट हं," ते म्हणाले. "ती हळद सांगायला विसरली."

आणि ते घाईघाईने आत गेले.